शोध जाहीर करणं की उत्तर पाठवणं: एलएलएमच्या प्रबंधाला कोणता विषय घ्यावा?

सोलापुरात एलएलएम करणाऱ्या आणि अंतराळ कायद्याकडे वळलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा संकेत मिळाला तर कायदा काय म्हणतो, यात खरं तर दोन वेगळे विषय आहेत. एक, शोध जाहीर करण्याचं बंधन. दुसरा, उत्तर पाठवण्याचा अधिकार.

पहिल्यात हाताला मजकूर लागतो. १९६७ च्या अंतराळ कराराचं कलम ११ म्हणतं, की राष्ट्रांनी आपल्या अंतराळातल्या कामांची आणि त्यांच्या निष्कर्षांची माहिती संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस, जनता आणि वैज्ञानिक यांना शक्य तितकी द्यावी. मेख ‘अंतराळातल्या’ या शब्दात आहे. जमिनीवरच्या दुर्बिणीने टिपलेला रेडिओ संकेत त्यात बसतो का? १९७९ च्या चंद्र करारात, कलम ५ मध्ये, सेंद्रिय जीवसृष्टीची खूण दिसली तर कळवा असं स्पष्ट आहे. पण भारताने १९८२ मध्ये त्यावर नुसती सही केली, अनुसमर्थन (करार बंधनकारक करणारी अंतिम मान्यता) केलंच नाही. उरतात आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीची १९८९ ची तत्त्वं, २०१० मध्ये सुधारलेली: आधी खात्री करा, मग जाहीर करा. ती शास्त्रज्ञांनी स्वखुशीने पाळायची, कोर्टात नेता येणार नाहीत. एवढ्यावर तीन प्रकरणं आरामात उभी राहतात, आणि करारांची संहिता नेटवर फुकट मिळते.

दुसरा विषय जास्त चटकदार, पण पायाखाली जमीन कमी. व्यापक आंतरराष्ट्रीय संमतीशिवाय उत्तर देऊ नये, हे त्याच तत्त्वांत आहे. थेट नियम तेवढाच. १६ नोव्हेंबर १९७४ ला पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीतून १,६७९ बिटांचा संदेश सुमारे २५,००० प्रकाशवर्षांवरच्या एम१३ तारकागुच्छाकडे गेला, तेव्हा जगाला कोणी विचारलं नव्हतं. प्रक्षेपणाचा परवाना लागतो खरा, पण तो पाहतो वारंवारता आणि व्यत्यय. मानवजातीच्या वतीने काय बोलताय, ते नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत सातही नंदीध्वजांचा मान ठरलेला असतो. पृथ्वीच्या वतीने पहिलं बोलायचा मान कोणालाच दिलेला नाही. इथे जवळपास सगळा युक्तिवाद स्वतःचा करावा लागतो. पीएचडीला उत्तम, पण एलएलएमच्या मुदतीत मी तरी नाही घेणार.

माझं मत पहिल्याला, तेही आवळून. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि ती चालवणारी टाटा मूलभूत संशोधन संस्था अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली येते. उद्या तिथे संकेत मिळाला, तर भारतावर नेमकं काय बंधन? एवढाच प्रश्न घ्या. आणि मार्गदर्शकांकडे जाताना आधी कलम ११ दाखवा, ‘एलियन’ हा शब्द नंतर काढा.