पियानोचा व्हिडिओ कोर्स, १४,८९६ रुपये आणि माझा डावा हात

मी डोंबिवलीला राहतो. तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतोय. पेटीवाल्याचा उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. म्हणजे माझ्या डाव्या हाताने तीस वर्षांत एकही सूर वाजवलेला नाही. हे आधी सांगतो, कारण मी अडकलो तो इथेच.

जॅझची ओढ मला सी. रामचंद्रांच्या गाण्यांमुळे लागली. त्यांच्याकडे चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रम्पेटवादक काम करायचे. त्याच्याही आधी, १९३०च्या दशकात, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन माणूस पियानो वाजवायचा. निवृत्तीनंतर हे शिकायचंच असं मनाशी पक्कं होतं. मुलीचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घरात पडून होता.

गेल्या वर्षी फोनवर जाहिरात दिसली: ‘मराठीतून जॅझ आणि रॉक पियानो, ६० दिवसांत दोन्ही हातांनी, पेटीवाल्यांसाठी खास.’ सोबत तीन मिनिटांचा नमुना धडा. त्यातले हात इतके सुंदर चालत होते की मी तो सात-आठ वेळा पाहिला. किंमत २४,९९९ रुपये, पण रात्री बारापर्यंत ४,९९९. पावणेबाराला पैसे भरले. (दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतरही कित्येक दिवस, तीच ‘शेवटची रात्र’ चालू होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाहिरात उघडून पाहिली असती तर तेव्हाच कळलं असतं.)

पहिले पाच धडे बरे होते. सहाव्यापासून शिकवणारा माणूस गायब. पडद्यावर वरून रंगीत पट्ट्या पडतात, खाली ज्या पट्टीवर पडतील ती दाबायची. असे व्हिडिओ तयार सॉफ्टवेअरमधून अर्ध्या तासात निघतात, हे मला नंतर कळलं. आपण बोटं लक्षात ठेवतो, पण ती तिथे का जातात ते कोणी सांगत नाही. चौदाव्या धड्यात त्या रंगीत पट्ट्या माझ्या कीबोर्डच्या डावीकडे, बाहेरच पडू लागल्या. विचारलं तर ‘८८ पट्ट्यांचा घ्या’ असं उत्तर आणि सोबत खरेदीची लिंक. जाहिरातीत ‘कोणताही कीबोर्ड चालेल’ असं लिहिलं होतं.

मग शंका विचारायला ‘थेट मार्गदर्शन’, त्याचे ७,५०० वेगळे. तेही भरले. तिथे दर आठवड्याला तीसेक जण एकदम आणि प्रत्येकाला एकच उत्तर: तुमचा सराव कमी पडतोय. कोर्सच्या ग्रुपवर कोणी धड्याबद्दल तक्रार केली की संदेश पुसला जायचा. शिवाय ते पैसे भरताना यूपीआयवर महिन्याला ७९९ रुपयांची ऑटोपेची परवानगी माझ्याकडून घेतली गेली होती. तीन महिने पैसे कटले. आधी बँकेचा संदेश यायचा, मी तो जाहिरात समजून सोडून द्यायचो.

पैशांचं दुःख आहेच. त्याहून मोठं असं की चार महिने मी स्वतःलाच दोष देत होतो. रोज पहाटे दोन तास बसायचो. डावा हात जड, आवाज गढूळ, स्विंगच्या, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीच्या, नावाखाली नुसती घाई. बायकोला म्हटलं, या वयात हात वळत नाही. कीबोर्ड विकायला काढला होता.

मुलीच्या मैत्रिणीचे वडील मूळचे गोव्याचे, वांद्र्याला राहतात. तरुणपणी हॉटेलांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचे. मुलगी मला ओढून त्यांच्याकडे घेऊन गेली. मी वाजवलं. ते म्हणाले, “हात बरो आसा.” मग विचारलं, “पण हे असं कोणी शिकवलं?”

जॅझमध्ये तीन कॉर्डची (कॉर्ड म्हणजे एकदम दाबायचे सूर) एक साखळी जागोजागी येते. पांढरी एकचा (पियानोवरच्या ‘सी’चा) सा धरला तर पहिली रे-म-ध-सा, दुसरी प-नि-रे-म, तिसरी सा-ग-प-नि. कोर्सने मला हे चारही सूर डाव्या हाताने, खालच्या सप्तकात, दर वेळी उडी मारून वाजवायला लावले होते. खाली इतके सूर जवळजवळ दाबले की ते एकमेकांत मिसळून गढूळ होतात. या गोव्याच्या अंकलनी डाव्या हातात दोनच सूर ठेवले, कॉर्डच्या पहिल्या सुरापासून सप्तकात मोजत गेलं तर येणारा तिसरा आणि सातवा, तेही मधल्या सप्तकाच्या आसपास: म-सा, मग म-नि, मग ग-नि. नीट बघा, पहिल्या बदलात फक्त सा अर्धा सूर उतरून नि होतो. दुसऱ्यात फक्त म उतरून ग. एका वेळी एकच बोट हलतं. पेटीवाल्याच्या नवख्या डाव्या हाताला याहून सोपी सुरुवात मी पाहिलेली नाही, आणि ती मला पंधरा मिनिटांत मिळाली.

स्विंगचंही तसंच. एका मात्रेचे तीन भाग करायचे, पहिल्या सुराला दोन, दुसऱ्याला एक. लय वाढली की हा फरक आपोआप कमी होत जातो. आणि टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. आम्ही समेवर टाळी देणारे, त्यामुळे आठवडाभर ते उलटंच वाटतं. रॉकमध्ये मात्रेचे दोन भाग सरळ, सारखे पडतात आणि डावा हात बहुधा खर्जातला एक सूर आणि त्याचं वरचं सप्तक एवढंच धरतो. कोर्समध्ये दोन्हींच्या रंगीत पट्ट्या अगदी एकसारख्या पडत होत्या.

नमुना धडा अंकलना दाखवला. त्यांनी हात पाहिले, म्हणाले, हे दुसऱ्याच कोणाचे आहेत. मुलीने शोधलं. एका परदेशी वादकाच्या फुकट उपलब्ध असलेल्या धड्याचा तो तुकडा होता, मूळ आवाज काढून वर मराठी आवाज चढवलेला.

माझ्याकडे जाहिरातीचा फोटो नव्हता, ती मोठी चूक. पैसे भरण्याआधीच जाहिरात, किंमत, आश्वासनं यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. संकेतस्थळावर विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव आहे का ते बघा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते द्यावंच लागतं. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. माझ्या कोर्सवाल्यांनी फक्त एक मोबाइल नंबर दिला होता. कोर्स घ्यायचाच असेल तर नमुना नको, मधला एखादा धडा मागा, दहावा किंवा पंधरावा. त्यात तोच माणूस बोलतोय का, डावा हात दिसतोय का, एखादा सूर का घेतला ते सांगतोय का, एवढं पाहा. प्रमाणपत्राचं आमिष असेल तर हेही लक्षात ठेवा की एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्था. एबीआरएसएमच्या जॅझ पियानोच्या परीक्षा आणि ट्रिनिटीच्या रॉक अँड पॉपच्या परीक्षा त्या स्वतः घेतात. कोर्सवाल्याने घरी छापलेला कागद त्याच्या ‘समकक्ष’ होत नाही.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर ७,५०० रुपये परत आले. ४,९९९ बद्दल ‘धडे तुम्ही पाहिलेत’ असं उत्तर आलं. त्यासाठी आता ग्राहक आयोगाकडे अर्जाची तयारी चालू आहे. २०१९च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

त्या ग्रुपमधल्या साताऱ्याच्या एका बाईंना मी फोन केला. त्यांनी कीबोर्ड माळ्यावर टाकला होता, आपल्याला लयच नाही असं समजून. मी फोन शेजारी ठेवून म-सा, म-नि, ग-नि वाजवून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांचंही ऑटोपे अजून चालू असल्याचं निघालं. ते बंद करायला कंपनीची परवानगी लागत नाही, यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे या विभागात जाऊन आपणच रद्द करायचं. आम्ही फोनवर असतानाच त्यांनी ते केलं.