ॲक्टिव्ह स्पीकर आणावेत, की आहे तो ॲम्प्लिफायरच ठेवावा?

घरात बरा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकरची चांगली जोडी आहे, आणि आता ते सगळं काढून ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेले) स्पीकर आणायचं मनात आहे, अशांसाठी हे लिहितोय. ज्यांच्याकडे अजून काहीच नाही, त्यांचा हिशोब वेगळा आहे. तो शेवटी सांगतो.

आधी एक खात्री करून घ्या. दुकानात ॲक्टिव्ह म्हणून दाखवलेले बरेच स्पीकर नुसते पॉवर्ड असतात. पाठीमागे बघा. विजेची वायर एकाच डब्यात जात असेल आणि तिथून दुसऱ्याकडे साधी दोन तारांची स्पीकर वायर निघत असेल, तर वूफर (खालचे सूर वाजवणारा) आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा) यांच्यातली वाटणी आत पॅसिव्ह क्रॉसओव्हरच, म्हणजे ॲम्प्लिफायरनंतर सिग्नल वाटणारं साधं सर्किटच, करतंय. म्हणजे तुमचाच जुना ॲम्प्लिफायर डब्यात बसवला, एवढाच फरक. त्यासाठी बदल करू नये. खऱ्या ॲक्टिव्हमध्ये प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे वूफरला आणि ट्वीटरला, स्वतंत्र ॲम्प्लिफायर असतो, म्हणून वॉटचे आकडेही वेगवेगळे दिलेले असतात. यामाहा एचएस5 मध्ये वूफरला 45 आणि ट्वीटरला 25, जेनेलेक 8030सी मध्ये दोघांना 50-50.

या रचनेचा फायदा खरा आहे, आणि तो खालच्या पट्टीत ऐकू येतो. पॅसिव्ह, म्हणजे बाहेरच्या ॲम्प्लिफायरवर चालणाऱ्या, स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर आणि वूफर यांच्यामध्ये तांब्याचं वेटोळं असतं. त्याचा रोध ओहमच्या काही दशांशांइतकाच, पण तेवढ्यानेही वूफरवरची पकड सैल होते. ॲक्टिव्हमध्ये वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधी, लाइन लेव्हलला (सिग्नल अजून लहान असतानाच) होते आणि वूफर थेट ॲम्प्लिफायरला जोडलेला असतो. डग्ग्याची मींड, पखवाजाची थाप नेमकी उमटते आणि वेळेवर थांबते. शिवाय मागे खोलीनुसार बेस कमी करायचा स्विच असतो. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये स्पीकर भिंतीला चिकटूनच ठेवावे लागतात आणि बेस फुगतो. एचएस5 चा रूम कंट्रोल 500 हर्ट्झच्या खाली 2 किंवा 4 डेसिबल उतरवतो. ही सोय साध्या ॲम्प्लिफायरवर मिळत नाही. त्याची बेसची नॉब इतक्या वरपर्यंत पोचत नाही.

आता तक्रारी. पहिली हमची, म्हणजे सतत चालणारी घुंऽऽ. दोन्ही स्पीकरला वेगळी वीज, टीव्हीला वेगळी, शिवाय सेट-टॉप बॉक्समधून येणारी केबलवाल्याची वायर. अर्थिंगचे इतके रस्ते झाले की त्यांच्यात वेटोळं तयार होतं आणि 50 हर्ट्झची गुणगुण सुरू होते. हे बरं होतं. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. हम गेला, तर केबलच्या वायरवर आयसोलेटर (अर्थचा रस्ता तोडणारा छोटा जोड) बसवा. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजून घ्या. दोन्हीकडे साधारण सारखाच व्होल्टेज दिसला पाहिजे. जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, आणि मग लॅपटॉपच्या चार्जरची गळती थेट सिग्नलमध्ये येते. अर्थची पिन कापून हम घालवून देणारे मेकॅनिक भेटतात. तसं कधीही करू देऊ नका, बिघाड झाला तर मागची धातूची पट्टी करंट मारेल.

स्पीकरला बॅलन्स्ड इनपुट (दोन तारांमधला फरकच घेणारा, म्हणून बाहेरची गुणगुण गाळणारा) असेल आणि स्रोताला फक्त आरसीए (साधा गोल ऑडिओ जॅक), तर केबलकडे नीट लक्ष द्या. तयार मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये तीन पिनांच्या एक्सएलआर प्लगच्या आतच पिन 1 आणि 3 जोडून टाकलेल्या असतात. मग बॅलन्स्ड इनपुटचा उपयोग उरत नाही. दोन तारा आणि वर जाळी असलेली माइक केबल घ्या. एक तार पिन 2 पासून आरसीएच्या मधल्या टोकाला, दुसरी पिन 3 पासून आरसीएच्या बाहेरच्या कड्याला, आणि जाळी पिन 1 पासून त्याच कड्याला. सोल्डरिंग येत असेल तर अर्ध्या तासाचं काम.

माझा निर्णय मात्र हमने नाही, हिसने केला. संगीत बंद असतानाही ट्वीटरमधून येणारी ती बारीक सूंऽऽ. पॅसिव्ह स्पीकरमध्ये ट्वीटरच्या आधी बहुधा रेझिस्टर असतात, ते ट्वीटरचा आवाज वूफरच्या बरोबरीला आणताना ॲम्प्लिफायरचा हिसही तेवढाच दाबतात. ॲक्टिव्हमध्ये ॲम्प्लिफायर थेट ट्वीटरवर असतो, मध्ये अडवणारं काही नाही. आत डिजिटल प्रोसेसिंग असेल तर त्याचीही भर पडते. व्हॉल्यूम कमी केला तरी हिस तेवढाच राहतो. आकाशवाणीच्या जुन्या टेपांना स्वतःचाच हिस असतो, तिथे ही भर कळत नाही. पण नव्या, स्वच्छ ध्वनिमुद्रणात विलंबित आलाप चालू असावा, गायक श्वास घ्यायला थांबावा, मागे नुसता तानपुरा उरावा, आणि त्याच्या वरच्या सुरांवर ही सूं पसरलेली असावी, हे मला सोसत नाही. एकदा कान तिकडे गेला की परत येत नाही.

सगळे सारखे नसतात, हेही खरं. काही कंपन्या हे फार चांगलं सांभाळतात. आणि तुम्ही पंखा चालू ठेवूनच ऐकत असाल, तर हिस पंख्याखाली झाकला जातो, ही तक्रार तुमच्यासाठी नाहीच. अडीच-तीन मीटरवर बसणाऱ्यालाही ती बहुधा जाणवणार नाही. दुकानात एसी आणि रस्त्याच्या आवाजात हे कळत नाही, म्हणून परत करायच्या बोलीवर स्पीकर घरी आणा, रात्री पंखा बंद करा, इनपुटची वायर काढा, मागची लेव्हल नॉब पूर्ण उतरवा आणि आपल्या नेहमीच्या जागेवर बसून ऐका. आता हिस येत असेल तर तो आतल्या ॲम्प्लिफायरचा, त्याला इलाज नाही. वायर लावून नॉब वाढवल्यावरच येत असेल, तर नॉब उतरवा आणि स्रोताची पातळी चढवा, काम भागेल.

दुरुस्तीचंही वजन माझ्या मते याच पारड्यात पडतं. साध्या ॲम्प्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर, उदाहरणार्थ 2एससी5200 आणि 2एसए1943 ची जोडी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळते (नकली माल भरपूर, ओळखीच्या दुकानातूनच घ्या). ॲक्टिव्हमध्ये पॉवर सप्लाय बंद डब्यात, उष्णता आणि कंपनं सोसत असतो. कपॅसिटर गेले की बहुतेक ठिकाणी पूर्ण बोर्डच बदलायला सांगतात, आणि मॉडेल बंद झालं असेल तर बोर्ड मिळत नाही.

म्हणून मी ॲम्प्लिफायर ठेवला, आणि तुमचा ॲम्प्लिफायर निरोगी असेल तर तुम्हीही ठेवावा असं वाटतं. पैसे स्टँडवर आणि जमलं तर आणखी चांगल्या पॅसिव्ह स्पीकरवर घाला. खालचा बेसच हवा असेल तर वेगळा सबवूफर जोडा. सबवूफरचा हिस ऐकू येत नाही.

ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांनी मात्र खुशाल ॲक्टिव्ह घ्यावेत. त्याच पैशात आवाज जास्त चांगला मिळतो. बॅलन्स्ड इनपुट आणि बेसचा स्विच बघून घ्या. आपोआप झोपणारा स्टँडबाय असेल तर तो बंद करता येतो का ते विचारा, नाहीतर हळू आवाजात लावलेल्या आलापात स्पीकर मध्येच गप्प होतात. रेकॉर्ड प्लेअर असेल तर वेगळा फोनो प्रीॲम्प (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) लागेल. व्हॉल्यूमसाठी नॉब असलेला डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा) घ्या. जुन्या ॲम्प्लिफायरच्या टेप आउटमधून (रेकॉर्डिंगसाठीच्या आउटपुटमधून) जोडू नका, तो सिग्नल व्हॉल्यूमच्या नॉबमधून जातच नाही, आणि चालू करताक्षणी स्पीकर पूर्ण आवाजात सुटतील.