निबंधांचं डावं-उजवं: तुलनात्मक मूल्यमापन काही महिने वापरल्यावर

आमच्या भाषा विभागात गेले काही महिने निबंधांना थेट गुण देणं बंद आहे. पडद्यावर नावं झाकलेले दोन निबंध शेजारी शेजारी येतात. त्यातला सरस कोणता एवढंच ठरवायचं आणि पुढच्या जोडीकडे वळायचं. मांडणीला ४, शुद्धलेखनाला ३ अशी बेरीज नाही. सगळ्या परीक्षकांचे कौल एकत्र करून सॉफ्टवेअर प्रत्येक निबंधाची जागा एका मोजपट्टीवर ठरवतं.

विचार जुनाच आहे. लुई थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने तुलनात्मक निवाड्याचा नियम १९२७ साली मांडला. एखाद्या निबंधाला १० पैकी ६ की ७ हे सांगताना आपण अडखळतो, पण दोहोंतला उजवा कोणता हे बऱ्याच खात्रीने सांगतो. शिवाय हात सढळ असो वा आखडता, तो जोडीतल्या दोन्ही निबंधांना सारखाच लागू होतो, म्हणून त्याचा परिणाम उरत नाही. पूर्वी कोणाचा गठ्ठा कोणाकडे गेला यावर मुलांचे गुण हलायचे. ते थांबलं, आणि एवढ्यासाठीसुद्धा मी ही पद्धत सोडणार नाही.

वेळ वाचेल म्हणून याकडे वळणार असाल तर आधी हिशेब करा. समजा १२० निबंध आहेत. शक्य त्या सगळ्या जोड्या ७१४० होतात, पण तेवढ्या लागत नाहीत. प्रत्येक निबंध १० वेळा समोर यायचा तर ६०० निवाडे पुरतात. एका निवाड्याला एक मिनिट धरलं तर १० तास झाले. पाच मिनिटांना एक निबंध या वेगाने नेहमीची तपासणीही १० तासांचीच होते. फरक असा की त्या १० तासांत निबंध एकाच्याच नजरेखालून जातो, इथे अनेकांच्या.

निकालासोबत ० ते १ मधला एक विश्वसनीयतेचा आकडा मिळतो, म्हणजे लागलेला क्रम कितपत भरवशाचा आहे ते कळतं. ०.८ च्या वर असला की आम्ही निश्चिंत होतो. मात्र सॉफ्टवेअर आधीचे कौल पाहून साधारण तुल्यबळ जोड्या लावत असेल तर हा आकडा फुगतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. आम्ही जोड्या यादृच्छिकच ठेवतो.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती वादग्रस्त निबंधांची यादी. ज्यांच्याबाबत परीक्षकांचे कौल जुळत नाहीत ते निबंध वेगळे निघतात आणि आम्ही ते एकत्र बसून वाचतो. एक निबंध स्वच्छ, निर्दोष, पण ठरीव वाक्यांचा. दुसऱ्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, पण स्वतःचा मुद्दा आणि तो लढवण्याची धमक. जुन्या तक्त्यात दोघांना सारखेच गुण पडून विषय संपला असता. आता चांगलं लेखन म्हणजे काय यावर आम्ही खरोखर भांडतो, आणि वर्गात काय शिकवायचं तेही तिथेच ठरतं.

मोठी उणीव एकच. ‘माझं कुठे कमी पडलं?’ या मुलाच्या प्रश्नाला क्रमांक उत्तर देत नाही. निवाडा करताना शेरा लिहायची सोय असते, पण दर जोडीला लिहीत बसलं की वेग जातो आणि घाईत शेरे पोकळ होतात. आम्ही दोन वाटा काढल्या: सगळ्या वर्गासाठी मिळून एक सविस्तर टिपण, आणि मुलांनाच बिननावाच्या काही जोड्या देऊन निवाडा व कारण मागणं. दुसरी जास्त लागू पडली. दुसऱ्याचा निबंध उजवा का, हे सांगताना मुलं स्वतःच्या लेखनाकडे ज्या नजरेने पाहू लागली, ती लाल शाईच्या शेऱ्यांनी आली नव्हती.

सुवाच्य अक्षर आणि लांबी यांचा मोह इथेही पडतो. सलग निवाडे करताना तर जास्तच, म्हणून आम्ही थोड्या थोड्या जोड्यांनी थांबतो. एकच शिक्षक आणि छोटा वर्ग असेल तर हा खटाटोप करू नये. बरोबर-चूक ठरलेली असते अशा उत्तरांनाही याची गरज नाही. आणि क्रम लागला म्हणजे उत्तीर्णतेची रेषा ठरली असं नव्हे. त्यासाठी मागच्या वर्षीचे, दर्जा आधीच ठरलेले काही निबंध नव्या गठ्ठ्यात मिसळावे लागतात. आम्ही ते पुढच्या सत्रापासून करणार आहोत.