विधी साहाय्याचा खर्च: दाखला कोणत्या देशाचा द्यावा?

मोफत विधी साहाय्यासाठी सरकारकडे जास्त निधी मागायचा, तर निवेदनाला बहुधा देशोदेशींच्या दरडोई खर्चाचा तक्ता जोडला जातो. तो जोडण्याआधी त्या आकड्यांत काय काय धरलंय ते नीट बघा.

इंग्लंड-वेल्सचा खर्च वर्षाला २०० कोटी पौंडांच्या आसपास, म्हणजे माणशी तीस-पस्तीस पौंड. अमेरिकेच्या केंद्र सरकारने गरिबांच्या दिवाणी विधी साहाय्याला पैसा पुरवणाऱ्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनला २०२४ साठी ५६ कोटी डॉलर दिले. माणशी पावणेदोन डॉलरही नाहीत. पण हे दोन आकडे शेजारी मांडणं चूक आहे. इंग्लंडच्या रकमेत मोठा वाटा फौजदारी बचावाचा, तर अमेरिकेच्या या संस्थेला फौजदारी खटले घ्यायची मुभाच नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या गिडियन निकालानंतर गरीब आरोपीला वकील द्यावाच लागतो, पण तो खर्च मुख्यतः राज्यं आणि काउंट्यांच्या हिशेबात असतो. भारताचा आकडा इंडिया जस्टिस रिपोर्टप्रमाणे २०२२-२३ मध्ये माणशी ६.४६ रुपये. पण तो नुसता वकिलांवरचा खर्च नव्हे: लोकअदालती आणि जनजागृती शिबिरंही विधी सेवा प्राधिकरणांच्याच पैशातून चालतात.

म्हणून मी एकच प्रकरण घेऊन बघते: घर खाली करायची नोटीस आलेली भाडेकरू बाई.

इंग्लंडमध्ये २०१३ च्या कपातीत कर्ज, कौटुंबिक वाद असं बरंच काही वगळलं गेलं. तरी ऑगस्ट २०२३ पासून अशी नोटीस हातात पडली की उत्पन्न न विचारता कायदेशीर सल्ला मिळतो आणि सुनावणीच्या दिवशी कोर्टात बाजू मांडायला माणूस मिळतो. अमेरिकेत दिवाणी दाव्यात वकिलाचा सरसकट हक्क नाही. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये गरीब भाडेकरूंसाठी कायदा केला, पण तो त्या शहरापुरता. जर्मनीत कमी उत्पन्नाच्या माणसाला सल्ला १५ युरोत मिळतो. दावा हरलात, तर समोरच्याच्या वकिलाची फी मात्र तुमच्याच अंगावर.

भारतात १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार बाईला उत्पन्नाची अटच नाही, मग प्रकरण घराचं असो वा दुसरं. इतकं मोठं दार या बाकीच्या देशांत नाही, याचा मला खरंच अभिमान वाटतो. पण दाराच्या आत प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील तुटपुंज्या मानधनावर किती तारखांना उभा राहणार?

त्यामुळे एकच दाखला द्यायचा, तर मी इंग्लंडची २०२३ ची योजना निवडेन आणि मागणी वकिलाच्या मानधनाची करेन. नोटीस ते पहिली तारीख, या मधल्या दिवसांत वकील भेटला तर घर वाचण्याची आशा असते.