पाच वर्षांच्या प्लॅनऐवजी: एकपानी कॅनव्हास की 13 आठवड्यांचा रोकड तक्ता?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणाऱ्या मशीन शॉपला तीन महिन्यांपुढच्या ऑर्डरी दिसत नाहीत. पाच वर्षांचे आकडे मग अंदाजपंचे.

बिझनेस मॉडेल कॅनव्हास म्हणजे अख्खा धंदा एका पानावर: नऊ चौकटी, ग्राहकापासून खर्चापर्यंत. वडगाव-शहापूरच्या साडीवाल्याला व्यापारी सोडून थेट गिऱ्हाइकाला विकायचं असेल तर हाच घ्यावा. फक्त ग्राहकाच्या चौकटीत ‘सगळे’ लिहू नये, कागद तिथंच वाया जातो.

धंदा चालू असेल तर मात्र रोकड तक्ताच. 13 रकाने, एकेक आठवड्याचा. वर सुरुवातीची शिल्लक, खाली येणारे पैसे, मग पगार, वीजबिल, हप्ते, कच्चा माल. उरेल ती पुढच्या रकान्याची सुरुवात. येणं बिलाच्या तारखेला मांडू नका, पार्टी खरोखर पैसे सोडते त्या आठवड्यात मांडा. जीएसटी मात्र बिलावर बसतो: महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला मार्चच्या विक्रीचा कर 20 एप्रिलपर्यंत भरावा लागतो, पैसे जूनमध्ये का येईनात. बहुतेक तक्ते इथंच फसतात. दर सोमवारी सरलेला आठवडा काढून पुढचा जोडायचा.

टर्म लोनला (मुदतीच्या कर्जाला) बँक प्रोजेक्ट रिपोर्ट मागतेच. तो सीएकडून वेगळा करून घ्या.