रानटी टमाटे: पिंपिनेलिफोलियम की चिलेन्स?

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला मामांच्या टमाट्याच्या प्लॉटवर तार-बांबूची कामं चालू होती, तेव्हा विषय निघाला की टमाट्याला व्हायरस झेपायची ताकद येते कुठून. उत्तर दक्षिण अमेरिकेतल्या रानटी जातींत आहे. मग पुढचा प्रश्न, दोनातली एकच जपायची तर कोणती?

एक सोलॅनम पिंपिनेलिफोलियम, पेरू-इक्वाडोरकडची. करवंदाएवढी लाल फळं, खायला पण मस्त. आपल्या टमाट्याशी संकर सहज होतो, फ्युजॅरियम बुरशीच्या मर रोगाचं पहिलं प्रतिकारक जनुक हिच्यातूनच आलं. जपायलाही सोपी, स्वतःच्याच परागावर फळ धरते.

दुसरी सोलॅनम चिलेन्स, अटाकामा वाळवंटाच्या कडेची, फळं पिकून पण हिरवटच, आणि नखरे विचारू नका. स्वतःचा पराग चालत नाही, म्हणून बियाणं ताजं करायचं तर बरीच झाडं लावून परागकण मिसळून हाताने लावत बसा, आणि आपल्या टमाट्याशी संकर केला तर बी भरतच नाही नीट, कोवळा गर्भ काढून लॅबमधे वाढवावा लागतो. पण पांढऱ्या माशीमुळे येणाऱ्या, पानं आकसवणाऱ्या लीफ कर्ल व्हायरसविरुद्धची टीवाय-१ आणि टीवाय-३ ही जनुकं हिचीच!

दोन्हींचं बियाणं कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात जपलंय, टमाट्याच्या जनुकांचे अभ्यासक चार्ल्स रिक यांच्या नावाच्या केंद्रात, आणि ते संशोधकांना पाठवतात.

मामा म्हणाले, गोड ती ठेव. मी म्हटलं मामा, पानं आकसली की क्रेट काय गोडीने भरणार का? माझं मत चिलेन्सला.