मोठ्या क्षमतेचा फूड प्रोसेसर घेताना लिटर पाहू नका, कणीक विचारा

फूड प्रोसेसरच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा लिटरचा असतो आणि घरात रोज पाचसहा माणसांच्या पोळ्या व सणावारी पंगत असणारे ग्राहक साहजिकच त्या आकड्यावर विसंबून निर्णय घेतात. गेली काही वर्षे घरात आणि नातेवाइकांकडे निरनिराळ्या बनावटीची यंत्रे वापरल्यावर माझे मत असे झाले आहे, की खरेदीच्या वेळी या आकड्याइतका कमी उपयोगाचा दुसरा आकडा नाही. भांडे काठोकाठ भरले तर किती मावेल, एवढेच तो बहुधा सांगतो. प्रत्यक्षात भांड्याच्या मधोमध पाते बसवण्याचा उंच दांडा असतो आणि पातळ पदार्थ त्या दांड्याच्या नळीच्या वर गेला, की मधून खाली उतरून थेट मोटरच्या डोक्यावर सांडतो. त्यामुळे तीन लिटरच्या भांड्यात टोमॅटोचे सार किंवा सूप करायचे झाल्यास निम्म्याच्या आसपासच थांबावे लागते. किसण्याची चकती भांड्याच्या वरच्या भागात बसते, म्हणून किसलेली भाजी तिच्या खालच्या जागेतच मावते. कणकेची मर्यादा तर आकारमानावर नसून मोटरच्या ताकदीवर असते. परदेशी यंत्रांवर क्षमता कपांत दिलेली असते. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, म्हणजे ‘१४ कप’ असे लिहिलेले भांडे साधारण ३.३ लिटरचे असते आणि त्यालाही वरच्या सर्व अटी लागू होतात.

म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न असा असावा: हे यंत्र एका वेळी किती कोरडे पीठ मळते? उत्तर विक्रेत्याच्या तोंडून न घेता यंत्राबरोबरच्या माहितीपुस्तिकेत पाहावे, कारण कोणत्या पदार्थाचे किती प्रमाण किती वेळ चालवावे याचा तक्ता बहुतेक पुस्तिकांत असतो. अर्धा किलो पिठात मध्यम आकाराच्या सोळा ते वीस पोळ्या होतात. चार-पाच माणसांच्या एका जेवणाला तेवढे पुरते. आठ माणसे असतील, तर पाऊण ते एक किलो पीठ लागते. एक किलो पिठात सहाशे मिलिलिटरच्या आगेमागे पाणी जाते, म्हणजे यंत्राला दीड किलोहून अधिक वजनाचा, चिकट आणि ताण देणारा गोळा फिरवावा लागतो. तीन लिटरच्या भांड्यात हा गोळा सहज मावतो, पण तो फिरवण्याची ताकद त्या भांड्याखालच्या मोटरमध्ये असतेच असे नाही. तीन लिटर म्हणून विकत घेतलेले यंत्र अर्ध्या किलो पिठापाशीच थांबते, ही तक्रार मी अनेक घरांतून ऐकली आहे आणि तिचे मूळ येथे आहे.

कणीक मळताना यंत्राची परीक्षा कशी होते, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. आधी पीठ, मीठ आणि चमचाभर तेल घालून पाते दोन-तीन वेळा नुसते फिरवावे, मग झाकणावरच्या नळीतून पाण्याची बारीक धार सोडावी. सुरुवातीला पीठ रवाळ होते, मग त्याच्या बारीक गोळ्या एकमेकींना चिकटू लागतात, भांड्याच्या भिंती आपोआप स्वच्छ होत जातात आणि शेवटी एकच गोळा पात्यावर स्वार होऊन गरगर फिरू लागतो. त्या क्षणी मोटरचा आवाज बदलतो, जड होतो. तेथेच थांबावे. चांगल्या यंत्रात हे काम दीड-दोन मिनिटांत होते. त्यापुढे फिरवत राहिल्यास कणीक गरम होऊन चिवट होते आणि पोळी वातड पडते. गोळा बाहेर काढून तेलाचा हात लावून पाचदहा वेळा तिंबावा आणि झाकून वीस मिनिटे ठेवावा. एवढे केल्यावर हाताने मळलेल्या कणकेत आणि यात मला फरक जाणवत नाही. निकृष्ट यंत्र मात्र गोळा होण्याच्या सुमारास ओट्यावर सरकू लागते, जळका वास येतो किंवा जादा भाराने मोटर बंद पडते. असे बंद पडणे हा दोष नसून संरक्षण आहे. बहुतेक भारतीय यंत्रांत तळाशी लाल बटण असते, मोटर थंड झाल्यावर ते दाबले, की यंत्र पुन्हा सुरू होते. परंतु रोजच्या कणकेला ते बटण दाबावे लागत असेल, तर यंत्र त्या घरासाठी लहान आहे.

वॉटच्या आकड्याविषयीही सावधपणे बोलले पाहिजे. ७५० किंवा १००० वॉट म्हणजे यंत्र किती वीज घेते. पात्याला किती जोर मिळतो हे त्यावरून नेमके कळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत मिक्सरचीच वेगवान, कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे) असलेली मोटर असते आणि तिचा वेग कमी करून तो मोठ्या भांड्याला दिला जातो. कोठे त्यासाठी पट्टा असतो, तर कोठे भांड्याच्या बुडाशीच गिअर असतात. ही रचना आपल्या स्वयंपाकातून आली आहे: खोबरे, मिरची, आले-लसूण यांचे वाटण गुळगुळीत व्हायला लहान जारमध्ये फार मोठा वेग लागतो, तर पीठ मळायला आणि भाजी चिरायला कमी वेग आणि जास्त जोर. दोन्ही कामे एका मोटरवर भागतात हा तिचा मोठा गुण. आवाज आणि कमी काळ चालण्याची मर्यादा हा तिचा दोष. मिक्सरच्या तळाच्या पट्टीवर ‘३० मिनिटे, ५ मिनिटे चालू, २ मिनिटे बंद’ अशा अर्थाचा मजकूर अनेकदा असतो (म्हणजे एकूण तीस मिनिटे, पण दर पाच मिनिटांनी दोन मिनिटे विश्रांती) आणि तो शोभेसाठी छापलेला नसतो. फ्रान्समधील मॅजिमिक्ससारख्या यंत्रांत याउलट इंडक्शन मोटर असते; तिच्यात ब्रश नसतात, पाते थेट तिच्या दांड्यावर बसते, आवाज कमी येतो आणि जड कणकेखालीही वेग फारसा पडत नाही. मॅजिमिक्स आपल्या मोटरला तीस वर्षांची हमी देते, यावरून या रचनेच्या टिकाऊपणाची कल्पना येईल. मात्र तिचा वेग मिक्सरपेक्षा बराच कमी असल्याने तिच्यावर वाटण होत नाही.

मोठ्या भांड्याचे खरे सुख कणकेपेक्षाही किसण्या-चिरण्यात आहे. उन्हाळ्यात साखरांब्यासाठी कैऱ्या किसायच्या असोत, उपवासाच्या किसासाठी बटाटे असोत किंवा गाजर हलव्यासाठी दोन-तीन किलो गाजरे. किसणीवर बोटे सोलवटत तासभर बसण्याचे काम यंत्र काही मिनिटांत उरकते. तीन लिटरच्या आसपासच्या भांड्यात एका वेळी साधारण किलोभर गाजराचा कीस मावतो. त्याहून अधिक भरल्यास कीस चकतीला खालून टेकतो, दाबला जातो आणि त्याला पाणी सुटते. येथे लिटरपेक्षा झाकणावरच्या नळीची रुंदी महत्त्वाची ठरते. अरुंद नळीत गाजर उभेच जाते आणि कीस आखूड, भुरभुरीत पडतो. रुंद नळीत तेच गाजर आडवे ठेवता येते आणि हलव्याला हवा तसा लांब कीस मिळतो. कोबीचे चार मोठे तुकडे आणि अर्धा बटाटा न कापता आत जातील अशी नळी असावी. दुकानात शक्य असल्यास झाकण हातात घेऊन आपली मूठ तिच्यात कितपत जाते हे पाहावे, अर्थात यंत्र विजेला जोडलेले नसताना. वापरताना भाजी नेहमी दट्ट्यानेच दाबावी. चकत्या एकाच जाडीच्या दोन मिळतात की बारीक आणि जाड अशा वेगवेगळ्या, हेही पाहावे. खोक्यात अकरा-बारा जोडण्या असल्याची जाहिरात मला कधीच भुरळ घालत नाही, कारण वर्षभर हाताला लागतात त्या तीन-चारच.

काही कामांसाठी हे यंत्र मुळीच घेऊ नये. मूठभर खोबऱ्याची चटणी मोठ्या भांड्यात होत नाही. सगळा माल भिंतींवर उडून बसतो आणि पाते मोकळेच फिरते. कोथिंबीर वडीसाठी कोथिंबीर विळीवर किंवा सुरीने चिरलेलीच चांगली, कारण पात्याने ती ठेचली जाऊन काळवंडते. कांदा चालतो, पण बटण सलग न दाबता थांबून थांबून, झटके देत. नाहीतर त्याचे पाणी होऊन तो कडवट लागतो. पुरणाच्या बाबतीत माझा कौल निःसंशय पुरणयंत्राला आहे. पुरण गरम असतानाच वाटावे लागते, निवले की घट्ट होते, आणि उकळती डाळ बहुतेक प्लास्टिकच्या भांड्यांना मानवत नाही. शिवाय पात्याखाली अडकलेले दोन-चार दाणे अखंड राहतात आणि पोळी लाटताना नेमके तेच फाडून बाहेर येतात.

धुण्याचा प्रश्न निवडीच्या वेळी कोणी मनावर घेत नाही, आणि यंत्र कपाटात जाऊन पडण्याचे सर्वांत मोठे कारण तेच असते. भांडे, झाकण, दट्ट्या, पाते आणि दांडा एवढे प्रत्येक वापरानंतर धुवावे लागते. झाकणाच्या कडेला सुरक्षेसाठी एक खाच असते; झाकण नीट बसल्याशिवाय यंत्र सुरू होऊ नये म्हणून तिच्यातील दांडी खालचे बटण दाबते. या खाचेत कणकेचे पाणी शिरून वाळते आणि काही महिन्यांनी यंत्र सुरूच होईनासे होते. दुरुस्तीला नेण्याआधी जुन्या दातघासणीने ती खाच साफ करून पाहावी. ज्या भांड्याच्या बुडाशी गिअर आहेत ते पाण्यात बुडवून ठेवू नये. हळदीने पिवळे पडलेले भांडे धुऊन दोन दिवस उन्हात ठेवले, की डाग बराचसा उडतो. आणि यंत्राला ओट्यावर कायमची जागा असावी. कपाटातून काढून जोडावे लागणारे मोठे यंत्र रोजच्या कणकेसाठी कोणीही काढत नाही.

आता प्रत्यक्ष निवड. दोघा-तिघांच्या घरी मोठ्या यंत्राची गरज नाही. प्रीती झोडियाकसारखा ७५० वॉटचा मिक्सर, ज्याच्यासोबत कणीक आणि चिरण्या-किसण्यासाठी २.१ लिटरचा स्वतंत्र जार येतो, तेवढा पुरेसा आहे आणि जागाही कमी अडवतो. पाच ते सात माणसांच्या, रोज पोळ्या होणाऱ्या मराठी घरासाठी मी १००० वॉटच्या वर्गातील यंत्र सुचवेन. बजाजचा एफएक्स १०००, उषाचा एफपी ३८११, इनाल्साचा आयनॉक्स १००० ही या वर्गातील परिचित नावे आहेत. यांतले नेमके कोणते घ्यावे, हे मी आपल्या गावात कोणाचे सेवा केंद्र आहे यावर सोडीन, कारण मोठ्या भांड्याचे काम सारख्या ताकदीच्या यंत्रांत फारसे वेगळे होत नाही. रोज किलोभराहून अधिक पीठ लागणाऱ्या एकत्र कुटुंबाने किंवा डबे पुरवणाऱ्यांनी फूड प्रोसेसरचा विचारच सोडावा. त्यांच्यासाठी कणीक मळण्याचे स्वतंत्र यंत्र, किंवा कणीक मळण्याची जोडणी असलेला वेट ग्राइंडर हा योग्य मार्ग आहे.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी तिथला इंडक्शन मोटरचा मोठा प्रोसेसर घ्यावा आणि वाटणासाठी भारतीय मिक्सर वेगळा ठेवावा. मॅजिमिक्सच्या ५२०० एक्सएल या यंत्रात ३.६ लिटरच्या भांड्यात आणखी दोन लहान भांडी एकात एक बसतात, त्यामुळे थोड्या मालासाठी मोठे भांडे खराब करावे लागत नाही. ही कल्पना मला फार आवडते. परत येताना मात्र अमेरिकेतील यंत्र सोबत आणू नये. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्‌झ बदलत नाही, आणि इंडक्शन मोटर येथे सुमारे एक षष्ठांशाने मंद फिरते व अधिक तापते. तिकडे कोणी आपला जुना क्विझिनार्ट (या अमेरिकी बनावटीचा फूड प्रोसेसर) देऊ केला, तर पात्याच्या मधल्या भागावर चार रिव्हेट, म्हणजे धातूच्या ठोकलेल्या खिळ्या, आहेत का ते आधी पाहावे. १९९६ ते २०१५ या काळात विकल्या गेलेल्या सुमारे ऐंशी लाख यंत्रांची अशी पाती तडकून धातूचे कण अन्नात पडण्याच्या धोक्यामुळे कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये बदलून देण्याचे जाहीर केले होते.

सुट्या भागांची चौकशी पैसे देण्याआधी करावी. आमच्या नात्यातील एका घरी झाकणाची खाच तुटली तेव्हा कंपनीच्या केंद्राने नुसते झाकण मिळत नाही, भांड्याचा पूर्ण संच घ्यावा लागेल असे सांगितले आणि त्या संचाची किंमत यंत्राच्या जवळजवळ निम्मी होती. कपलर (मोटर आणि भांडे यांना जोडणारा तुकडा), रबरी रिंग आणि कार्बन ब्रश या झिजणाऱ्या वस्तू आहेत. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लोहार चाळीत प्रचलित बनावटीचे असे भाग सहसा सापडतात, लहान गावांत मात्र मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे कोणत्या कंपनीचा माल असतो हे त्यालाच आधी विचारावे. मोटरची हमी पाच वर्षांची आणि बाकी यंत्राची दोन वर्षांची, असा फरक हमीपत्रात बारीक अक्षरांत असतो. प्लास्टिकचे भांडे, झाकण आणि कपलर हमीत येतात की नाही, हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावे.